कुलूपकाकांची मुक्त प्रणाली

कुलूपकाकांना कुलूपकाका असं त्यांच्या तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं. खरं तर ते कधी साहेब नव्हतेच. एका मोठ्या कचेरीच्या तळघरातलं भांडार ते सांभाळत. कागद, शाई, टाचण्या, डिंक, सुतळी, बल्ब, झाडू हे सगळं एका जाळीच्या दाराआड असायचं आणि त्या दाराची किल्ली काकांच्या खिशात असायची. खरे साहेब वरच्या मजल्यांवर बसत. पण पेन्सिल हवी झाली की त्यांनाही जिने उतरून खाली यावं लागे आणि जाळीपाशी ताटकळावं लागे. काका सावकाश चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कारण?"

पेन्सिल कशाला हवी याचं कारण माणसाला चटकन सुचत नाही. करून बघा. "लिहायला" म्हणालात तर काका म्हणत, "मागची काय केलीत?" "संपली" म्हणालात तर म्हणत, "उरलेला तुकडा दाखवा." मोठमोठे अधिकारी खिशात पेन्सिलीचा नखाएवढा तुकडा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरताना लोकांनी पाहिले आहेत. माणूस सरळ होता, हे मात्र कबूल करायला हवं. उभ्या नोकरीत त्यांनी भांडारातली एक टाचणी घरी नेली नाही. आणि एक टाचणी सुखासुखी कुणाला दिलीही नाही.

भांडारात काय, कुठे, किती हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी डिंकाच्या बाटल्या कोणत्या फळीवर आहेत ते त्यांनी डोळे न उघडता सांगितलं असतं. निवृत्तीच्या समारंभात प्रत्येक वक्ता त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल भरभरून बोलला. दुसरं काही बोलण्यासारखं कुणाला सुचलं नसावं. पुढच्याच आठवड्यात नव्या माणसाने ते जाळीचं दार काढून टाकलं आणि सामान उघड्या कपाटात मांडलं; ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं. हे कळल्यावर काकांनी महिनाभर वाट पाहिली. मग एका जुन्या सहकाऱ्याला गाठून विचारलं, "संपलं असेल ना सगळं?" तो म्हणाला, "नाही हो साहेब, पूर्वीपेक्षा कमीच लागतंय." त्या दिवशी काका जेवले नाहीत.

घरी बसल्यावर त्यांचे खरे हाल सुरू झाले. काकांना फार काही नको होतं. दिवसातून एकदा तरी कुणी आपल्यापुढे येऊन उभं राहावं आणि काहीतरी मागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मागितलेलं द्यायचं की नाही, हा पुढचा भाग. पण घरात त्यांच्याकडे मागण्यासारखं काही नव्हतं. एकदा त्यांनी साखरेचा डबा वरच्या फळीवर हलवून पाहिला. काकूंनी हात कमरेवर ठेवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि डबा मुकाट्याने खाली आला. स्वयंपाकघर त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं.

काकू घरी टायपिंगची कामं घेत. कुणाचे प्रबंध, कुणाच्या आठवणी, कुणाची भाषणं. खिडकीपाशी त्यांचा संगणक होता, आणि तो इतका जुना होता की सकाळी बटण दाबून काकू आंघोळीला जात, येऊन वेणी घालत, चहा करून पीत, तरी त्याचं आपलं सुरू होणं चालूच असे. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला त्यांनी बोलावलं. त्याने डबा उघडून आतली धूळ बघितली आणि म्हणाला, "काकू, आता फेकून द्या हा."

'फेकून' हा शब्द आतल्या खोलीत काकांच्या कानावर पडला. ते पेपर टाकून बाहेर आले आणि दुरुस्तीवाल्याला त्यांनी चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. फेकणं हा शब्द काकांच्या कोशात नव्हता. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात जाऊन बसले, आणि जुन्या मासिकांच्या ढिगात त्यांना एक लेख सापडला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तयार केलेली एक संगणक प्रणाली आहे, ती फुकट आहे, जुन्या यंत्रावरही भरभर चालते. कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी, वाटावी, कुणाची परवानगी लागत नाही. काकांनी लेख पुन्हा पुन्हा वाचला. परवानगीचं वाक्य आलं की त्यांची नजर दर वेळी त्यावरून घसरत होती. 'वाटावी' हा शब्द मात्र त्यांच्या मनात घर करून राहिला. वाटप हा त्यांचा प्रांत होता.

प्रणाली बसवायचा सोहळा रविवारी झाला. काकूंनी आपल्या सगळ्या फायली आधीच बाजूला उतरवून घेतल्या होत्या. इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढी सावधगिरी माणसाला येते. काकांनी संगणकाचा डबा गॅलरीत नेऊन रंगाच्या ब्रशने झाडला, स्वतः शिंकले, डबा परत आणला, प्रणाली भरलेला पेनड्राइव्ह खोचला आणि सुरू होताना दाबायची कळ नक्की कोणती हे माहीत नसल्यामुळे वरच्या ओळीतल्या सगळ्या कळा दोन्ही हातांनी एकदम दाबून धरल्या. कुठली तरी लागू पडली. पडद्याने विचारलं, डिस्क पूर्ण पुसायची का? काकांनी नकळत मान वर केली आणि मागे उभ्या असलेल्या काकूंना विचारलं, "कारण?"

"अहो, तुम्हीच बसवताय ना?" काकू म्हणाल्या.

काकांनी 'होय' दाबलं. तासाभरात संगणक नव्यासारखा झाला. बटण दाबलं की वेणीचा पहिला पेड पडायच्या आत पडदा तयार. काकू मनापासून खूश झाल्या आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. इथेच ही गोष्ट थांबली असती तर काका एका घराच्या कौतुकावर समाधानी राहिले असते. पण बसवता बसवता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. या प्रणालीत खाती दोन प्रकारची करता येतात. एक साधं खातं, त्यात लिहा, वाचा, गाणी ऐका. दुसरं व्यवस्थापकाचं. नवीन काही बसवायचं असेल, काही काढायचं असेल, साधा प्रिंटर जोडायचा असेल, तर पडद्यावर एक छोटी चौकट येते आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते. तो दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ती चौकट बघून काकांचे डोळे भरून आले. तळघरातली जाळी त्यांना पुन्हा दिसली. काकूंना त्यांनी साधं खातं दिलं आणि व्यवस्थापकाचं स्वतःकडे ठेवलं.

मग त्यांनी सगळी इमारत मुक्त करायला घेतली. 'मुक्त' हा त्यांचाच शब्द. खिशात पेनड्राइव्ह घालून ते दारोदार फिरत आणि या प्रणालीत माणूस कुणाचा मिंधा राहत नाही, यावर उभ्या उभ्या भाषण देत. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा जुना संगणक त्यांनी मुक्त केला. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचा केला. वर्षभरात इमारतीतलं एक जुनं यंत्र सुटलं नाही, आणि प्रत्येक यंत्रात व्यवस्थापक म्हणून काका जाऊन बसले. सगळीकडे एकच पासवर्ड, आणि तो एकट्या काकांना ठाऊक. "सुरक्षिततेसाठी," ते म्हणत.

मग रोज सकाळी दाराजवळ खुर्ची टाकून काका बसू लागले. डॉक्टर येत. "साहेब, दातांचे फोटो बघायचा एक प्रोग्राम बसवायचा होता."

"कारण?"

"दातांचे फोटो बघायला."

"आत्तापर्यंत कसे बघत होतात?"

दातांचा डॉक्टर, ज्याच्यापुढे सगळी दुनिया तोंड उघडून गप्प बसते, तो काकांच्या दारात तोंड मिटून गप्प उभा राही. दोन-तीन खेपा झाल्या की काका प्रसन्न होत, खाली जात, सगळ्यांना पाठ फिरवायला लावत आणि पासवर्ड टाकत. गाण्याच्या बाईंनी सूर तपासायचा प्रोग्राम मागितला तेव्हा तर काकांनी त्यांना, "इतकी वर्षं गाताय, अजून शंका आहे?" असं विचारलं होतं. बाई त्यावर आठवडाभर घुश्शात होत्या. काकांची तब्येत मात्र सुधारली. भूक लागू लागली, रक्तदाब उतरला. ते एवढे आनंदात असायचे की काकूंनाही त्यांना काही बोलणं जिवावर यायचं.

पासवर्ड काका दर महिन्याला बदलत आणि त्यासाठी सगळ्या घरांतून फेरी मारत. लिहून ठेवणं त्यांना पाप वाटे. त्यांची पद्धत त्यांच्या मते अभेद्य होती: भांडारातली एखादी वस्तू इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि शेवटी तिच्या फळीचा आकडा. एकदा डॉक्टर पाठमोरे होऊन आरशातून बघत होते असा त्यांना संशय आला. तेव्हा त्या महिन्यात त्यांनी नेहमीच्या वस्तू टाळून अशी वस्तू निवडली, जी कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. सगळी घरं फिरून ती टाकली. समाधानाने जेवले, दुपारी गाढ झोपले आणि उठले तेव्हा ती वस्तू त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती.

पहिल्यांदा ते हसले. मग फळ्या एकेक करून आठवायला लागले. टाचण्या, बोरू, टीपकागद, दोरा, कापूस, मेणबत्त्या. काकू बाजारात गेल्या की ते संगणकापुढे बसत आणि वस्तू टाकून बघत. चौकट प्रत्येक वेळी थंडपणे सांगे, चुकीचा पासवर्ड. ज्या एका गोष्टीसाठी समारंभात त्यांचं कौतुक झालं होतं, तीच दगा देत होती. आणि हे कुणाला कळलं असतं तर दारातली खुर्ची उचलून आत ठेवायची वेळ आली असती. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. ते सगळ्यांना नाही म्हणू लागले.

"कारण पटत नाही," ते म्हणत. किंवा, "विचार करतो." किंवा नुसतीच नकारार्थी मान हलवत. इतक्या वर्षांच्या सरावामुळे हे त्यांना सहज जमलं, आणि कुणालाही वेगळं वाटलं नाही.

नेमका त्याच सुमाराला काकूंचा प्रिंटर बिघडला. एका मुलीचा प्रबंध त्यांच्या हातात होता, तो मुदतीत छापून द्यायचा होता, आणि ती मुलगी रोज फोन करून रडकुंडीला येत होती. काकूंनी नवा प्रिंटर आणला, तार जोडली, चौकट आली. त्यांनी काकांना हाक मारली.

काका आले, चौकटीकडे बघितलं, घसा खाकरला. "जुना दुरुस्त होत नाही का?"

"अहो, त्या पोरीचं वर्ष जाईल."

"घाईने घेतलेले निर्णय चुकतात," काका म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं कारण त्यांना ओळखूही आलं होतं. गेले कित्येक दिवस शेजारी झोपलेला माणूस कुशीवर वळून "सुतळी, खिळे, टाचण्या, गोंद" असं पुटपुटत होता. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं आणि त्याला या खेपेला आधी चहा दिला.

दुरुस्तीवाल्याने संगणक बंद करून सुरू केला, सुरू होता होता एक कळ दाबली, दोन ओळी लिहिल्या. "टाका काकू, तुमचा नवा पासवर्ड."

"एवढंच?"

"एवढंच. यंत्र ज्याच्या हातात आहे त्याला ही प्रणाली अडवत नाही. काकांनी कुलूप लावलं होतं खरं, पण बिजागऱ्या बाहेरूनच आहेत."

प्रबंध छापून झाला, मुलगी तुरुंगातून सुटल्यासारखी पळत गेली, आणि काकूंनी प्रिंटरवर फडकं टाकून ठेवलं. पण बातमी कशी लपणार? दुरुस्तीवाला खाली उतरताना डॉक्टरांनी त्याला आत ओढून घेतलं. मग तो वर गाण्याच्या बाईंकडे गेला. चार दिवसांत साऱ्या इमारतीने आपापली कुलपं बदलली, आणि लोक काकूंकडे येऊन दबक्या आवाजात म्हणाले, की आता साहेबांना एकदा सुनवायचंच.

काकूंनी त्यांना दारातच थोपवलं. "सुनवायचं असेल तर मला सुनवा. त्यांना कळता कामा नये. आणि विचारायला येत जा पूर्वीसारखे. पाच मिनिटं जातात तुमची, त्याने काही बिघडत नाही."

लोक चांगले होते, किंवा काकूंना घाबरत होते. ते येत राहिले. डॉक्टर येऊन प्रोग्राम मागत, काका नाही म्हणत, डॉक्टर "ठीक आहे साहेब" म्हणून हसतमुखाने खाली जात आणि प्रोग्राम बसवत. गाण्याच्या बाई तर नकार मिळाल्यावर आभारही मानू लागल्या. काकांना सुरुवातीला नवल वाटलं. मग त्यांनी ठरवलं की इतक्या दिवसांत लोकांना शिस्त लागली. रात्री वस्तू आठवत पडायचं आणि दिवसा भाव खायचा, असं त्यांचं चाललं होतं.

न्हाव्याच्या खुर्चीत बसले असताना त्यांना ते आठवलं. न्हावी एका कानामागची बाजू संपवून दुसरीकडे वळला, काकांची नजर आरशाखालच्या लाल साबणाच्या वडीवर गेली, आणि ते ताडकन उठले. लाखेच्या कांड्या! पाकिटांना मोहोर लावायची लाल लाख. उभ्या नोकरीत एकदाच कुणी मागितली होती आणि तेव्हाही दिली नव्हती. गळ्याभोवतीचा कपडा तसाच, अर्धं डोकं तसंच, काका रस्त्याने जवळजवळ धावत घरी आले.

काकू आत होत्या. काकांनी संगणक सुरू केला, चौकट आणली, एका बोटाने नीट टंकलं, फळीचा आकडा टाकला. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकला. चुकीचा. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, मधे जागा सोडून, जागा न सोडता. मग तसेच खाली डॉक्टरांकडे गेले, "जरा तपासणी आहे" म्हणाले आणि दात धरून बसलेल्या रोग्यासमोर टाकून पाहिला. चुकीचा. डॉक्टर त्यांच्या गळ्यातल्या कपड्याकडे बघत होते. वर गाण्याच्या बाईंकडे गेले. तिथेही तेच. बाईंनी पेटी बंद केली आणि डोळ्यांना पदर लावला.

काका घरी येऊन दारातल्या खुर्चीत बसले. काकू बाहेर आल्या तेव्हा ते आपल्या हातांकडे बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "लाख कुठल्या फळीवर होती, ते मला माहीत आहे ना? मी नेहमी सांगायचो ना?" मग थोड्या वेळाने, "माझं डोकं गेलं बहुतेक. घाबरू नकोस. पण डॉक्टरला दाखवायला हवं. दातांच्या नव्हे."

काकूंनी त्यांना इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी त्यांना काकांची मनापासून दया आली, आणि या प्रकाराबद्दल स्वतःचा रागही. गप्प राहिल्या तर हा माणूस स्वतःला वेडा समजणार. बोलल्या तर याला कळणार की आपण कुणालाच लागत नाही. त्यांनी पुढे होऊन आधी त्यांच्या गळ्यातला कपडा सोडवला.

"तुमचं डोकं ठीक आहे. लाखच असेल. आम्ही पासवर्ड बदलला."

"आम्ही म्हणजे?"

"सगळ्यांनी. केव्हाच."

काकांना ते समजायला वेळ लागला. "पण रोज येतात की विचारायला."

"मी सांगितलंय."

"मला मूर्ख बनवलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून."

"बनलात तुम्ही तुमचे तुम्ही," काकू म्हणाल्या. "मी फक्त लोकांना हसू दिलं नाही."

काका ताठ बसून म्हणाले, "उद्यापासून कुणाला पाठवू नकोस." काकू बरं म्हणाल्या.

तरी दुसऱ्या सकाळी निरोप न पोचल्यामुळे गाण्याच्या बाई आल्याच. "साहेब, एक नवीन प्रोग्राम..."

"घाला की," काका म्हणाले. "संगणक तुमचा आहे. मला कशाला विचारता?"

बाई गोंधळल्या. नकाराची त्यांनी तयारी केली होती, होकाराची नव्हती. क्षणभर दारात घुटमळल्या आणि मान खाली घालून वर गेल्या. दुपारपर्यंत इमारतभर कळलं की साहेबांना कळलं. त्यानंतर कुणी आलं नाही. डॉक्टर जिन्यात भेटले तर हवापाण्याचं बोलत आणि घाईने दवाखान्यात शिरत. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते लपवण्याइतकी सभ्यता प्रत्येकाकडे होती.

काका खुर्चीत बसून पेपर वाचत. तो संपला की त्यातल्या जाहिराती वाचत. न्हाव्याने उरलेलं अर्धं डोकंही नीट करून दिलं होतं. जेवण पुन्हा कमी झालं. काकू नव्या प्रबंधात गढल्या होत्या, आणि प्रिंटर कुणालाही न विचारता पानामागून पान बाहेर टाकत होता.

एका सकाळी काका त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. काकूंना ते कळलं, पण त्या टंकत राहिल्या.

"वरच्या बाईंना," काका म्हणाले, "संगणकात नवीन काही घालायचं नाहीये का सध्या?"

"कुणास ठाऊक. का?"

"नाही, म्हटलं असेल तर येऊ दे. विचारायला."

काकूंचे हात थांबले. त्या वळल्या. "अहो, तुम्हाला आता सगळं माहीत आहे."

"आहे की."

"त्यांनाही माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे."

"ते मला कळतंय," काका म्हणाले. "तरी पाठव."

"बाईंनाच पाठवू? त्या येतील का आता, कोण जाणे."

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

"कुणीही चालेल," ते म्हणाले.